सहकाऱ्याचा पगार जास्त आहे हे कळल्यावर साहेबांशी काय बोलावे?

कल्याणचा दुर्गाडी पूल ओलांडला की कोन लागते. पुढे रांजनोली नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्ग भेटतो आणि तिथून पिंपळास, सोनाळे, वडपे, दुसऱ्या अंगाला मानकोली, दापोडे, वळ असा गोदामांचा पट्टा पसरत जातो. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असल्यामुळे भिवंडी तालुक्यात गोदामे आधीपासूनच होती. २०१७ मध्ये जीएसटी आला, करासाठी प्रत्येक राज्यात वेगळे छोटे गोदाम ठेवण्याचे कारण उरले नाही, आणि इथे मोठमोठी गोदामे उभी राहिली. त्यांच्याबरोबर नोकऱ्याही आल्या: इनवर्डला माल उतरवून घेणारे, पिकर, पॅकर, फोर्कलिफ्ट चालवणारे, डिस्पॅचचे सुपरवायझर, बिलिंगवर बसणारी मुले-मुली. एकाच छताखाली एकच काम करणाऱ्या दोघांना वेगवेगळा पगार मिळणे या नोकऱ्यांत सर्रास चालते. कुणी दोन वर्षांपूर्वी लागलेला असतो, कुणी गेल्या महिन्यात. कुणी कंपनीच्या रोलवर, कुणी ठेकेदाराकडून. मग कधी कर्जासाठी काढलेली पगाराची स्लिप दिसते, कधी चहाच्या टपरीवर कुणी आकडा बोलून जातो, आणि कालपर्यंत पुरेसा वाटणारा पगार आज अपमानासारखा वाटू लागतो.

त्या क्षणी माणूस सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तडक साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन ‘त्याला इतके, मग मला का नाही?’ असे विचारतो, नाहीतर तोंड मिटून बसतो आणि हळूहळू कामातून मन काढून घेतो. या दोन्हींत नुकसान नोकरदाराचेच होते. माझे म्हणणे असे की, सहकाऱ्याचा पगार कळणे हे पगारवाढ मागण्याचे अगदी योग्य कारण आहे, पण मागणीचा आधार तो नव्हे. आपले काम, त्या कामाचा बाजारातला भाव आणि आपल्याकडे असलेली नोंद, हा खरा आधार. याला एकच मोठा अपवाद आहे आणि तो कायद्याने दिलेला आहे. त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी मनात उठणाऱ्या रागाबद्दल. तो मत्सर आहे असे म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही, कारण तो जवळपास सगळ्यांनाच येतो. कार्ड, मास, मोरेत्ती आणि साएझ या अर्थतज्ज्ञांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. सहकाऱ्यांचे पगार कुठे पाहायला मिळतात हे काही कर्मचाऱ्यांना कळवण्यात आले होते. त्यांतले जे आपल्या विभागात कमी पगारावर होते, त्यांचे कामातले समाधान घटले आणि नवी नोकरी शोधण्याचा त्यांचा विचार वाढला. जे वरच्या पगारावर होते, त्यांच्या समाधानात मात्र फरक पडला नाही. आपल्याला त्याहून जवळचा पुरावा ओडिशातला आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदसानी यांनी तिथे ३७८ कामगारांवर महिनाभर प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाचे काम किती हे दिसत नव्हते अशा ठिकाणी पगार वेगवेगळे ठेवले, तेव्हा उत्पादन घटले आणि हजेरी १८ टक्के-बिंदूंनी खाली आली. म्हणजे गैरहजर राहून माणसांनी स्वतःच्याच मजुरीवर पाणी सोडले. पण जास्त पगार घेणारा खरोखर जास्त काम करतो हे ज्या ठिकाणी सगळ्यांना स्पष्ट दिसत होते, तिथे त्याच फरकाचा काही परिणाम जाणवला नाही.

या प्रयोगातली शिकवण भिवंडीच्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. यंत्रमागावर विणणाऱ्याची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. शेजारच्या कामगाराच्या हातात दोन पैसे जास्त पडले तर त्याचे मीटर जास्त भरले हे सगळ्या कारखान्याला दिसते. गोदामात आणि ऑफिसात हे मोजमाप दिसत नाही. पगार प्रत्येकाशी बंद दाराआड ठरतो, आणि काम मात्र सगळे मिळून करतात. त्यामुळे आपला पगार कमी का, याचे उत्तर कुणाकडेच तयार नसते. साहेबांकडेही अनेकदा नसते. पगारवाढ मागणाऱ्याचे पहिले काम म्हणून हेच ठरते की आपले न दिसणारे काम मागावरच्या मीटरसारखे मोजून समोर ठेवायचे. ज्याने ते ठेवले, त्याला दुसऱ्याचा आकडा उच्चारावाही लागत नाही.

पण त्याआधी कानावर आलेला आकडा तपासून घ्या, कारण दोन पगारांची तुलना दिसते तितकी सरळ नसते. कुणी सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च सांगतो, कुणी हातात पडणारी रक्कम. समजा, एका तरुणाने आपला पगार २२ हजार सांगितला आणि तो सीटीसी आहे. मूळ पगार १५ हजार धरला तर भविष्यनिर्वाह निधीत (पीएफ) मालकाचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये त्या २२ हजारांतच मोजलेले असतात, आणि ईएसआयचा मालकाचा सव्वातीन टक्के हिस्साही त्यातच. उरलेल्या रकमेतून त्याचे स्वतःचे १,८०० रुपये पीएफ, ईएसआयचा पाऊण टक्का आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा केले की हातात साडेसतरा हजारांच्या आतच पडतात. दुसरी गल्लत ओव्हरटाइमची होते. १८ हजार पगार, २६ दिवस आणि रोज ८ तास धरले तर तासाचा दर ८६ रुपयांच्या थोडा वर जातो. जादा कामाला दुप्पट दर असतो, म्हणून महिन्यात ४० तास ओटी करणाऱ्याच्या खात्यात सुमारे ६,९०० रुपये जास्त जमा होतात. बँकेचा मेसेज पाहणाऱ्याला वाटते की याचा पगार आपल्यापेक्षा सात हजारांनी जास्त आहे. दोघांचा मूळ दर मात्र एकच असतो. म्हणून स्लिपवरच्या चार गोष्टी जुळवून पाहा: मूळ पगार, भत्ते, ओटी आणि कपात. स्वतःची स्लिप मिळत नसेल तर ती मागून घ्या. वेतनपावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. त्याच वेळी आपला पगार राज्याच्या किमान वेतनाखाली तर नाही ना, हेही पाहा. किमान वेतनाला जोडलेला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो आणि अनेक ठिकाणी तो वेळेवर लावला जात नाही. पगार त्याखाली असेल तर ती विनंती करण्याची बाब राहत नाही, तो थकलेला हक्क असतो.

हे सगळे जुळवूनही फरक उरला, तर त्याचे कारण शोधा. काही कारणे मान्य करण्यासारखी असतात. सहकाऱ्याकडे फोर्कलिफ्टचा परवाना असेल, तो रात्रपाळी करत असेल, गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये साठ्याचा हिशेब तो एकटाच जुळवू शकत असेल, तर जास्त पैसे त्या कौशल्याचे असतात. तेव्हा आपण शिकायला काय हवे, याचे उत्तर त्या फरकातच मिळते. दुसरे कारण फार सरसकट आढळते आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. नवा माणूस आजच्या भावाने घेतला जातो, तर जुन्या माणसाचा पगार त्याच्या भरतीच्या वर्षाच्या भावावर दरसाल थोडाथोडा वाढत राहतो. बाजारभाव झपाट्याने वाढला की काल आलेला नवा माणूस चार वर्षांच्या जुन्या माणसाच्या पुढे जातो. हे अन्याय्य आहे, पण जाणूनबुजून केलेले नसते, आणि म्हणूनच ते दुरुस्त करून घेण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तिसरे कारण ठेकेदारीचे. तुम्ही ठेकेदाराच्या पगारावर असाल आणि सहकारी कंपनीच्या रोलवर असेल, तर तुमच्या पगाराचा निर्णय ज्याच्या केबिनमध्ये तुम्ही जाणार आहात त्याच्या हातात बहुधा नसतोच. तिथे रक्कम वाढवून मागण्यापेक्षा ‘मला रोलवर कधी घेता येईल आणि त्यासाठी काय लागेल?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

आता तो अपवाद. फरकाचे कारण फक्त स्त्री-पुरुष एवढेच असेल, तर तिथे तुलना हाच मागणीचा आधार असतो, आणि कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. राज्यघटनेच्या ३९(घ) या अनुच्छेदात स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याने त्याला बळ दिले, आणि आता त्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एकाच मालकाकडे तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम करणाऱ्यांत लिंगाच्या कारणावरून वेतनात भेद करता येणार नाही, असे ती सांगते. या तत्त्वाचा सर्वांत ठळक निकाल मुंबईतलाच आहे. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत स्टेनोग्राफर असलेल्या ऑड्री डिकोस्टा यांना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी वेतन मिळत होते. महिला स्टेनोग्राफर बड्या अधिकाऱ्यांकडे गोपनीय काम करतात म्हणून त्यांचा वर्ग वेगळा, युनियनशी तसा करार झालेला आहे, आणि कंपनीची आर्थिक स्थितीही नाजूक आहे, असे बचाव कंपनीने मांडले. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये हे बचाव फेटाळले: काम एकाच स्वरूपाचे असेल तर किरकोळ फरकांवर बोट ठेवून वेतन कमी करता येत नाही, आणि पैसे नाहीत हे कारणही चालत नाही. पिकिंगच्या टेबलावर किंवा बिलिंगच्या संगणकावर शेजारी बसणाऱ्या पुरुषापेक्षा कमी पगार घेणाऱ्या प्रत्येक बाईने हा निकाल लक्षात ठेवावा. वेतन संहितेखाली दावा करायला ३ वर्षांची मुदत आहे. ठाण्यात कामगार विभागाचे कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार देता येते. मात्र डिकोस्टा यांची नोकरी संपली १९७७ मध्ये आणि निकाल आला दहा वर्षांनी. म्हणून हक्क कायद्याचा असला तरी पहिली पायरी लेखी मागणीची ठेवावी आणि तिची पोच घ्यावी.

दोन पुरुषांत किंवा दोन स्त्रियांत पगाराचा फरक असेल तर खासगी नोकरीत हा आधार मिळत नाही. १९८२ च्या रणधीर सिंग खटल्यापासून न्यायालयांनी समान कामाला समान वेतन हे तत्त्व पुढे नेले खरे, पण तो खटला दिल्ली पोलिसांतल्या वाहनचालकाचा होता. २०१६ चा जगजित सिंग निकालही पंजाब सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांचा. खासगी गोदामातल्या दोन सुपरवायझरांना त्या निकालांकडे बोट दाखवून वाढ मिळत नाही. तिथे तयारीच उपयोगी पडते. गेल्या वर्षभरात तुम्ही काय केले, ते एका कागदावर मांडा. ‘मी खूप मेहनत करतो’ या वाक्याला वजन नसते. रोज किती ऑर्डर जातात, साठ्यातला फरक किती होता आणि किती राहिला, चुकीचा माल परत येण्याचे प्रमाण किती घटले, किती नव्या मुलांना काम शिकवले, कोणाच्या रजेत कोणते काम सांभाळले, हे आकड्यांत लिहा. मागचे आकडे आठवत नसतील तर आजपासून नोंद ठेवायला लागा आणि दोन-तीन महिन्यांनी मागणी करा. मग बाजारभाव काढा. रांजनोलीपासून पडघ्यापर्यंत याच कामाच्या जाहिराती कोणत्या पगाराच्या आहेत, भरती करणारी एजन्सी काय सांगते, दुसऱ्या गोदामातले ओळखीचे लोक काय म्हणतात, ते पाहा. सहकाऱ्याचा पगार हा त्या भावाचा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. या सगळ्यांतून एक ठरावीक आकडा ठरवा. ‘थोडेफार वाढवा’ असे म्हणणाऱ्याला थोडेफारच मिळते.

वेळ निवडणेही महत्त्वाचे आहे. बहुतेक कंपन्यांचे पगारवाढीचे निर्णय आर्थिक वर्षाच्या शेवटी होतात. एप्रिलमध्ये मागणारा उशिरा पोहोचतो, कारण तोवर रक्कम ठरून गेलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत बोलणे चांगले. गणपती ते दिवाळीच्या घाईत गोदामाला माणसांची सर्वाधिक गरज असते, म्हणून काहीजण नेमका तोच मोका साधतात. तसे करू नका. त्या वेळी मिळालेली वाढ अडवून घेतलेली वाटते आणि हंगाम उतरला की तिची आठवण ठेवली जाते. त्याऐवजी हंगामात काम चोख करा आणि तो हिशेब घेऊन नंतर जा. आधी वेळ मागून घ्या, इतरांसमोर विषय काढू नका. बोलणे साधे ठेवा: ‘सर, डिस्पॅचचे काम मी गेली दोन वर्षे बघतो आहे. या काळात झालेले काम मी या कागदावर लिहून आणले आहे. आज याच कामाला बाहेर इतका पगार मिळतो. माझा पगार तिथपर्यंत आणावा अशी माझी विनंती आहे.’ एवढे बोलून थांबा. घरभाडे, मुलांची फी, गाडीचा हप्ता हे सांगू नका. त्या अडचणी खऱ्या असतात, पण त्या कामाची किंमत सांगत नाहीत, आणि अडचण सांगितली की उत्तर सहानुभूतीचे येते, पगाराचे येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, सहकाऱ्याचे नाव न घेणे म्हणजे हातातला सर्वांत भक्कम पुरावा टाकून देणे. तसे नाही. नाव घेतले की चर्चा तुमच्या कामावरून त्याच्या कामावर जाते. साहेब त्याची बाजू मांडू लागतात, त्याच्यात काय जास्त आहे ते शोधतात, आणि तुम्ही नकळत त्याच्यातले दोष काढू लागता. शिवाय अनेक नेमणूकपत्रांत पगार गुप्त ठेवण्याची अट असते, आणि ज्याने विश्वासाने आकडा सांगितला तो अडचणीत येतो. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशानुसार कर्मचाऱ्याला समान काम करणाऱ्यांचे सरासरी वेतन विचारण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे खासगी क्षेत्रात तसा हक्क नाही. पण ‘या पदाचा पगार आपल्याकडे कुठून कुठपर्यंत असतो आणि त्यात मी कुठे आहे?’ एवढे विचारायला कोणाची हरकत नसावी. या प्रश्नात कुणाचे नाव नाही, तरी फरक साहेबांसमोर येतो.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे: मागितले तर काढून टाकतील, बाहेर माणसांची रांग लागली आहे. ही भीती खोटी नाही. ठेकेदारीवरच्या माणसाला तर ती रोजचीच असते. पण काम माहीत असलेला माणूस घालवून नवा शिकवण्याचा खर्च मालकालाही कळतो, आणि नोंदी घेऊन शांतपणे केलेल्या मागणीवरून नोकरी जाण्यापेक्षा रागाने केलेल्या भांडणावरून ती जाण्याचा धोका जास्त असतो. तिसरा आक्षेप संकोचाचा. आपल्या भागात नोकरी अनेकदा गावातल्या कुणाच्या शब्दावर लागते, त्यामुळे पगार मागणे म्हणजे त्या काकांचा किंवा दादांचा शब्द खाली पाडणे असे वाटते. ओळखीने दार उघडले असेल, पण त्यानंतर रोजचे काम तुम्ही केले आहे. त्या माणसाला आधी सांगून ठेवा म्हणजे त्याचा मान राहील, पण मागणी सोडू नका. चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: एकेकट्याने मागण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून का मागू नये? जरूर मागावे. किमान वेतन, ओटीचा दुप्पट दर, पीएफचा भरणा, महिलांचे समान वेतन हे प्रश्न एकट्याने सुटत नाहीत. तिथे संघटना लागते, आणि संघटित होण्याचा हक्क कामगारांनी लढून मिळवला आहे. पण अनुभव आणि कौशल्यामुळे पडणारा वैयक्तिक फरक संघटनेलाही एकेकाच्या नोंदीवरच मांडावा लागतो. एक मार्ग धरला म्हणून दुसरा सोडण्याचे कारण नाही.

उत्तर नकाराचे आले तर तिथेच विषय संपवू नका. नेमके काय केले म्हणजे वाढ मिळेल आणि पुन्हा कधी बोलायचे, हे विचारा. तारीख मिळाली की त्याच दिवशी एक छोटा मेल किंवा मेसेज पाठवून ठरलेले लिहून ठेवा. पगार वाढवणे शक्य नसेल तर पदाचे नाव, पाळी, फोर्कलिफ्ट किंवा सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणाचा खर्च, रोलवर घेणे, यांतले काय होऊ शकते ते पाहा. या गोष्टी पुढच्या नोकरीत पगारात बदलतात. ठरलेली तारीख उलटली आणि कारणेच ऐकायला मिळाली, तर दुसरी नोकरी शोधा. मात्र नवे नेमणूकपत्र हातात येण्याआधी राजीनामा देऊ नका, आणि नसलेली ऑफर आहे असे सांगून धमकावू नका. गोदामांच्या या पट्ट्यात व्यवस्थापक इकडून तिकडे जात राहतात, आणि आज खोटे बोललेला माणूस उद्या दुसऱ्या गेटवरही ओळखला जातो.

सहकाऱ्याचा जास्त पगार हा त्याचा गुन्हा नाही आणि तुमची नामुष्कीही नाही. आपल्या कामाला किती मोल मिळू शकते याची ती खबर आहे. ती मिळाली असेल तर या आठवड्यात तीन गोष्टी करा: स्वतःची पगाराची स्लिप मागून नीट वाचा, वर्षभराच्या कामाची नोंद कागदावर उतरवा, आणि याच कामाचा आजचा भाव तीन ठिकाणी विचारा. त्यानंतर साहेबांची वेळ मागा. आणि तुमचा पगार किमान वेतनाखाली असेल, किंवा बाई म्हणून तुम्हाला कमी दिला जात असेल, तर विनंतीच्या भाषेत थांबू नका. लेखी मागणी द्या, पोच घ्या आणि तीन वर्षांची मुदत संपण्याआधी दावा दाखल करा.